चालती बुलेट अचानक गेली, हॉर्न नाही, लाइट नाही, फ्यूज मात्र शाबूत

पाऊस लागला की गाडी दुरुस्तीच्या या सदराकडं इलेक्ट्रिकची पत्रं वाढतात. यावेळी आलेल्यातली पाच निवडली, सगळी जुन्या गाड्यांची आणि सगळ्यांची तक्रार जवळपास तीच, की काल चालत होती आणि आज मेली. बुलेटचं पत्र मोठं आहे आणि त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे म्हणून त्याला जागा जास्त दिली.

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या आण्णांची १९९० ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, पॉइंटवाली, उजव्या पायाचा गिअर. गेल्या रविवारी गगनबावड्याला निघालो होतो, कळ्याच्या पुढं एका खड्ड्यातनं गाडी गेली आणि टप्प करून बंद. हॉर्न दाबला तर काही नाही, हेडलाइट नाही, अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध उभा. काचेचा फ्यूज काढून बघितला तर आतली तार शाबूत. बॅटरी नवीनच आहे. किका मारून पाय दुखायला लागला, ढकलून बघितली, शेवटी टेम्पोत घालून आणली. मेकॅनिक म्हणतो कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रेक्टिफायर सगळं बदलू आणि वायरिंगपण नवीन टाकू. आण्णा म्हणतात ओरिजिनल वायरिंगला कुणी हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहज चावी फिरवली तर लाइट लागली की! गाडी चालू झाली, थोडा वेळ चालली आणि परत सगळं गप्प. २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती, त्याचा काही संबंध असंल का?
— वाचक, शाहूपुरी कुंभार गल्ली

उत्तर: पहिलं सांगतो, अजून एक रुपयाचाही पार्ट घेऊ नका. तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. इंजिन बंद पडलं, त्याचवेळी हॉर्न गेला, लाइट गेली आणि काटा हलेना, सगळं एकाच क्षणाला. आता कॉइल गेली असती तर स्पार्क गेला असता पण हॉर्न वाजलाच असता. कंडेन्सर गेला तर पॉइंटवर (स्पार्कसाठी उघडमीट करणाऱ्या पट्ट्यांवर) ठिणग्या उडतात, गाडी मिसफायर मारते, फटाके फोडते, लाइटला त्याचं काय? रेक्टिफायर गेला तर चार्जिंग बंद होतंय, पण बॅटरीत आहे तेवढ्यावर गाडी चालत राहते, लाइट पिवळी पडत जाते, हॉर्न बारीक होतो, मग कधीतरी मरते. खड्ड्यात टप्प करून नाही मरत. आणि चार वेगवेगळे पार्ट एकाच खड्ड्यात एकदम कसे जातील हे त्या मेकॅनिकला विचारा.

सगळं एकदम गेलं याचा अर्थ सगळ्यांना करंट जिथनं जातो तो एकच रस्ता तुटलाय. तुमच्या गाडीत तो रस्ता छोटा आहे, बॅटरीचा टर्मिनल, तिथनं फ्यूज, फ्यूजमधनं वर कास्केटमधल्या (हेडलाइटच्या डब्यातल्या) अँमीटरला, अँमीटरमधनं चावीच्या स्विचकडं आणि लाइटकडं, एवढाच. आणि परतीची वाट म्हणजे बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चेसिसला बोल्ट केलीय ती. एवढ्यातच काहीतरी आहे. वर खड्ड्यानं गेलं, रात्रीत गार झाल्यावर परत आलं, गरम होऊन हादरे बसल्यावर परत गेलं, म्हणजे पार्ट जळलेला नाही, कुठंतरी जोड ढिला आहे किंवा गंजलाय. जळलेला पार्ट सकाळी उठून चालू होत नाही.

आता फ्यूजचं. तार शाबूत दिसली म्हणून फ्यूज चांगला असं धरू नका. काचेच्या फ्यूजमधी तार दोन्ही टोकांच्या टोप्यांना डाक (सोल्डर) देऊन लावलेली असते, तो डाक टोपीच्या आत सुटला तर बाहेरनं काही कळत नाही. त्यापेक्षाही जास्त वेळा होल्डर खराब असतो. आतली स्प्रिंग गंजलेली, पत्र्यावर हिरवट थर आणि टोपी नुसती टेकलेली. खड्डा आला की टेकलेली सुटते. म्हणून दहा-वीस रुपयांचा नवीन होल्डर आणि फ्यूज ही पहिली गोष्ट, फक्त फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घ्या जेवढा आधी होता.

पुढं जायच्या आधी एक टेस्ट लॅम्प करून घ्या. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, एक होल्डर, दोन हात लांब दोन वायरी आणि टोकांना चिमटे, झालं. मल्टीमीटर घरात असला तरी या बिघाडाला आधी टेस्ट लॅम्पच लावा, कारण सांगतो. जोड गंजून नुसता टेकलेला असला तरी मीटर तिथं १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. माणूस म्हणतो इथंपर्यंत करंट आहे आणि पुढचा पार्ट बदलतो. बल्ब तसा फसत नाही, १० वॅटचा बल्ब पाऊण अँपिअरच्या वर ओढतो, २१ वॅटचा पावणेदोन, आणि गंजलेल्या जोडातनं तेवढं येत नाही, बल्ब मिणमिणतो किंवा लागतच नाही. जुन्या गाडीत निम्मे बिघाड असेच असतात, व्होल्ट आहेत पण करंट नाही.

सुरुवात बॅटरीपासनं. दोन्ही चिमटे बॅटरीच्या दोन टर्मिनलला, बल्ब किती उजळ लागतो ते डोळ्यात ठेवा, पुढं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचंय. मग एक चिमटा पॉझिटिव्हलाच ठेवून दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला, रंग लागलेल्या जागी नाही. इथं उजेड कमी झाला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट, पुढं जायची गरजच नाही, बोल्ट काढा, चेसिसचा तो भाग पॉलिश पेपरनं चकचकीत करा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घासा, परत आवळा. उजेड तसाच राहिला तर दुसरा चिमटा इंजिनवर कायम ठेवा आणि पहिला एकेक जागा पुढं न्या, फ्यूजच्या अलीकडं, पलीकडं, अँमीटरच्या एका नटावर, दुसऱ्या नटावर, चावीच्या स्विचमधी जाणाऱ्या वायरीवर, बाहेर येणाऱ्या वायरीवर. हे करताना चावी चालू आणि लाइटचा स्विचपण चालू ठेवा म्हणजे सगळ्या जोडांवर ओढ राहील. अलीकडं उजेड आणि पलीकडं अंधार, अशी जागा सापडली की बिघाड त्या दोन टोकांच्या मधी. आणि एका हातानं वायर हलवत राहा. तुमचा बिघाड येतो-जातो, गाडी शांत उभी असताना तो लपून बसंल आणि तुम्हाला वाटंल सगळं ठीक आहे.

माझा स्वतःचा संशय फ्यूज होल्डरनंतर अँमीटरवर आहे. लोकांना वाटतंय अँमीटर म्हणजे नुसता बघायचा काटा, बिघडला तर बिघडला. पण या गाडीत बॅटरीचा सगळा करंट त्याच्या आतनं जातो, तो तुटला की गाडीच तुटली. मागच्या दोन नटांवर वर्षानुवर्षं हादरे बसतात, नट सैल होतात, लगेखाली काळं होतंय, कधी आतली पट्टीच डाकातनं सुटते. बॅटरीची वायर आधी काढा, मग हेडलाइट काढून आत हात घाला, नट हातानं फिरतोय का बघा. आतनंच गेला असेल तर त्या दोन वायरी एका नटबोल्टमधी एकत्र आवळून वर चांगली इन्सुलेशन टेप मारा, गाडी पहिल्यासारखी चालते, फक्त चार्जिंग दाखवणारा काटा राहत नाही. ही तात्पुरती सोय. आण्णांची गाडी आहे तर अँमीटर नवीन बसवाच, मागचा नट बसतो तो स्टड नुसता झिजला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही लेथवाला पितळेचा करून देईल.

अँमीटर परत जिवंत झाला की तोच तुम्हाला पुढचं सांगतो. आण्णांना हे माहीत असणार, किक मारायच्या आधी काटा मधी आणायचा. चावी चालू करून किक अगदी हळूहळू खाली न्या, पॉइंट जुळलेले असले की काटा तीनेक अँपिअर डिस्चार्जकडं झुकतो आणि उघडले की मधी येतो. काटा असा नाचतोय म्हणजे बॅटरी, फ्यूज, स्विच, कॉइलचं प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी), पॉइंट, सगळं बरोबर आहे, एक जोराची किकपण न मारता कळलं. काटा झुकलाय आणि उठतच नाही तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तिथली वायर अर्थ झालीय. झुकतच नाही तर पॉइंटला काजळी धरलीय किंवा कॉइलपर्यंत करंटच नाही. पॉइंटची गॅप उघडलेली असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेज लावून बघा, अंदाजानं नको. आणि चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट जुळलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते.

आता पुराचं. हो, संबंध दाट आहे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वस्तीत आलं की त्यात गाळ असतो, गटारीचं असतं, आणि वायरीच्या प्लास्टिकच्या आत तांब्याच्या धाग्यांमधनं ते पाणी वर चढतं. बाहेरनं वाळलं तरी आत ओल राहते. मग तांबं हिरवं, नंतर काळं पडत जातं आणि धागे एकेक करून तुटतात, म्हणून पुरातली गाडी सर्व्हिसिंग करून नीट चालते आणि एकदोन वर्षांनी असे न कळणारे आजार काढते. प्रत्येक लगेपाशी वायरीचं प्लास्टिक अर्धा इंच सोलून बघा. तांबं लालसर चमकत असेल तर वायर चांगली. काळं असेल तर चमक लागेपर्यंत मागं कापत जा, कमी पडलेला तुकडा त्याच जाडीच्या वायरीचा जोडा, डाक द्या, श्रिंक ट्यूब घाला. काळ्या तांब्याला डाक धरतच नाही, उगाच वरनं गोळा बसतो.

आण्णा बरोबर बोलतात. जुनं वायरिंग जिथं खराब आहे तिथंच दुरुस्त करायचं. आख्खं काढून बाजारातलं स्वस्त हार्नेस (तयार वायरिंगचा जुडगा) टाकलं तर त्याच्या वायरी बारीक असतात, कप्लर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे जोड) सैल बसतात, आणि आज एक बिघाड आहे तिथं दहा होतात. मात्र सोलून बघितल्यावर सगळीकडंच काळं निघालं तर हट्ट धरू नका, मग पूर्ण नवीन, पण चांगल्या वायरमनकडनं जुन्या मापाच्या जाडीचं करून घ्या.

आणि परत असं कळ्याला नाहीतर साळवणला अडकलात तर, बॅटरी चांगली आहे म्हणून सांगतो, एक वायर मधी फ्यूज घालून टूलबॉक्समधी ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासनं सरळ कॉइलच्या त्या टोकाला जिथं स्विचची वायर येते (पॉइंटकडं जाणारं टोक नव्हे). गाडी चालू होईल, दिवसाउजेडी तासभर तरी घर गाठता येतंय. फक्त चावीनं बंद होणार नाही, वायर ओढूनच बंद करायची, आणि हॉर्न-ब्रेक लाइट नाहीत हे ध्यानात ठेवून हळू या. फ्यूजशिवाय असं डायरेक्ट कधीच करू नका, पेट्रोलच्या टाकीखालनं वायर जातेय.

प्रश्न: भावा, १९९४ ची आरएक्स १०० आहे. धो धो पावसातनं घरी आणली, दुसऱ्या दिवशी चालूच नाही. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर मस्त, ब्रेक लाइट मस्त. मित्र म्हणतो बॅटरी वीक आहे म्हणून स्पार्क नाही, मी नवीन बॅटरी टाकली तरी तेच. आता सीडीआय बदल म्हणतोय, जुन्या ओरिजिनलला लोक किती पैसे सांगतात तुला माहितेय. काय करू?
— वाचक, कळंबा

उत्तर: बॅटरी परत करता येत असेल तर करून टाक. आरएक्सला स्पार्कसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिनमधल्या मॅग्नेटची कॉइल सीडीआयला (स्पार्क सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) करंट देते, हेडलाइटही मॅग्नेटवर. बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट असल्या कामाला. बॅटरी काढून ठेवलीस तरी गाडी किकमधी चालू झाली पाहिजे.

वर ज्यांची बुलेट आहे त्यांच्या आणि तुझ्या गाडीत एक मोठा फरक आहे आणि तो कळला की निम्मी डोकेदुखी जाते. बुलेटमधी चावीचा स्विच करंट पुढं सोडतो, म्हणून तिथं वायर तुटली की गाडी बंद. तुझ्या गाडीत उलटं आहे. चावी बंद केली की स्विच सीडीआयची एक वायर अर्थला टेकवतो आणि स्पार्क मरतो, चावी चालू केली की ती वायर सोडून देतो. म्हणजे तुझी गाडी वायर तुटल्यानं नाही, वायर कुठंतरी अर्थला चिकटल्यानं मरते. पावसाचं पाणी चावीच्या स्विचमधी शिरलं, कप्लरमधी साचलं, किंवा टाकीखाली वायर घासून उघडी पडून चेसिसला लागली, की गाडीला वाटतंय चावी बंद आहे.

तर काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर शोध, सीडीआयपासनं चावीकडं जाणारी. तिचा जोड काढून वेगळा कर, टोक कशाला लागू देऊ नको, प्लग काढून कॅपमधी घालून इंजिनच्या हेडला नीट टेकवून किक मार. स्पार्क आला तर सीडीआय, मॅग्नेट, कॉइल सगळं चांगलं आहे आणि दोष स्विचकडच्या वायरीत. लॉक किट उघडून वाळव, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, टाकीखालची वायर तपास. ती वायर काढलेली असताना गाडी चावीनं बंद होणार नाही, गिअरमधी टाकून क्लच सोडून बंद करावी लागंल.

तरीही स्पार्क नसेल तर प्लग कॅप बदलून बघ, ती स्वस्त आहे आणि पावसात फुटते. मग मॅग्नेटकडनं येणारा कप्लर उघडून पिना साफ कर. सीडीआय सगळ्यात शेवटी, आणि तेही मित्राच्या चालत्या आरएक्सचा लावून बघून, विकत घेऊन नाही. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून किका मारू नको, जायला जागा नसलेला स्पार्क चांगलं सीडीआय आतनं फोडतो.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला पप्पांची जुनी स्प्लेंडर वापरते, किकवाली. सारखा फ्यूज उडतोय. गाडी चालू राहते पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट जाते. नवीन टाकला की दोन दिवस चालतो, पार्किंगमधनं काढताना नाहीतर वळताना परत उडतो. गॅरेजमधी एकानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली आणि म्हणाला आता कधी उडणार नाही. पप्पा म्हणाले आधी विचार कुणालातरी.
— वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, पत्र वाचून झालं की पहिलं काम, ती तार काढ. हे मी कळकळीनं सांगतोय. फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी पॉझिटिव्हची वायर उघडी पडून पत्र्याला लागतेय आणि फ्यूज स्वतः जळून बाकीची गाडी वाचवतोय. तार टाकली की आता जळायला वायरिंगच उरलं, आणि त्यावर पेट्रोलची टाकी आहे.

तू लिहिलंयस वळताना उडतो, हे फार कामाचं आहे. हँडल वळलं की कुठल्या वायरी हलतात? हेडलाइटच्या मागनं हँडलच्या नेकपाशी जो जुडगा चेसिसकडं जातो, तो रोज शेकडो वेळा वाकतो, आणि जुन्या गाडीत तिथलं प्लास्टिक कडक होऊन फुटतं किंवा केबलखाली चिमटतं. दुसरी जागा म्हणजे कुणी नंतर मोठा हॉर्न बसवला असेल तर त्याची वायर.

शोधायची पद्धत सांगतो तशी पप्पांना बरोबर घेऊन करा, एकेक फ्यूज जाळत बसायला नको. फ्यूज काढून त्या दोन टोकांना १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा, इंडिकेटरमधी मोठा येतो तो. आता कुठंही शॉर्ट झालं तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळं काही जळणार नाही. चावी चालू करा, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक कशालाच हात लावू नका. बल्ब बंद किंवा अगदी मंद असायला पाहिजे. मग हँडल सावकाश डावीकडनं उजवीकडं फिरवा. ज्या क्षणी बल्ब भगभगीत पेटला त्या क्षणी शॉर्ट झालं. हँडल तिथंच धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं जुडग्यातली वायर बोटानं एकेक उचलत जायची, ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझला ती जागा. हँडल फिरवून काहीच झालं नाही तर ब्रेक दाबून बघा, एकेक इंडिकेटर लावून बघा, मागचं मडगार्ड हलवून बघा. ब्रेक लाइट दाबल्यावर हा बल्ब अर्धवट पेटणारच, त्याला घाबरू नका, शॉर्टचा उजेड वेगळा दिसतोय, पूर्ण.

सापडलं की उघडी वायर डाक देऊन श्रिंक ट्यूबनं झाका, नुसती टेप पावसाळ्यात सुटते. जुडगा थोडा ढिला सोडा म्हणजे वळताना ताण बसणार नाही. मग मूळ अँपिअरचाच फ्यूज.

आणि एक, तुझी गाडी फ्यूज नसतानाही चालते कारण तिचा स्पार्क मॅग्नेटवर आहे. त्यामुळं ब्रेक लाइट गेलेली कळतच नाही, आणि पावसात स्टेशन रोडला मागनं केएमटीची बस येत असताना ते चांगलं नाही. रोज निघताना हॉर्न एकदा वाजवून बघ. वाजला म्हणजे फ्यूज आहे.

प्रश्न: जुनी १०० सीसी गाडी, हेडलाइटचा बल्ब आठवड्याला एक जातो. जोतिबाचा चढ चढताना जास्त. महागातला बल्ब टाकला तोही गेला.
— वाचक, वडणगे

उत्तर: बल्बचा दोष नाही. या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर असते आणि इंजिन जेवढं पळवाल तेवढे व्होल्ट वाढतात, ते अडवून धरायचं काम रेग्युलेटरचं. चढाला खालच्या गिअरमधी इंजिन ओरडतंय, रेग्युलेटर अडवत नाही, बल्ब फुटतो. पण लगेच रेग्युलेटर घेऊ नका, आधी त्याचा अर्थ बघा. तो चेसिसला जिथं बोल्ट केलाय तिथं गंज किंवा रंग असेल तर चांगला रेग्युलेटरसुद्धा बसून राहतो. बोल्ट काढा, घासा, आवळा, अर्थची वायर असेल तर तिचा जोड साफ करा. तरी बल्ब गेला तर मग रेग्युलेटर बदला. गळीत हंगामाच्या आत करून घ्या, रात्री रस्त्यावर मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात आणि तेव्हाच हेडलाइट गेली तर फार वाईट.

प्रश्न: पल्सर १५०, पहिल्या पिढीतली. चावी लावली की सगळं लागतंय, पण सेल्फ दाबला की खट् आवाज येतो आणि आख्खी गाडीच मरते, लाइटसुद्धा. थोड्या वेळानं आपोआप परत येतंय. किकवर चालू होते. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, घरचे म्हणतात सेल्फ मोटर गेली. कुणाचं खरं?
— वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर: बहुतेक कुणाचंच नाही. बॅटरी उतरली असती तर सेल्फ दाबल्यावर लाइट मंद झाली असती आणि बटण सोडलं की लगेच आली असती. इथं सगळं पूर्ण जातंय आणि थोड्या वेळानं येतंय, ही ढिल्या जोडाची खूण आहे. थोड्या करंटला तो जोड पुरतो, सेल्फनं ओढलं की सुटतो.

इथं मल्टीमीटर पाहिजे आणि दुसरा माणूस पाहिजे. मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनललाच टेकवा, बोल्टला किंवा लगेला नाही. आदल्या रात्री चार्ज करून ठेवलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. आता दुसऱ्यानं सेल्फ दाबायचा. आकडा ९.५ च्या खाली कोसळला तर दुकानदार बरोबर, बॅटरी गेली. आकडा १२ च्या वरच राहिला आणि गाडी तरी मेली, तर बॅटरी निर्दोष, मग एक पिन टर्मिनलवर आणि दुसरी त्याच टर्मिनलवरच्या लगेवर ठेवून परत सेल्फ दाबा. जोड चांगला असेल तर इथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. दोन, पाच, दहा व्होल्ट दिसले तर तोच जोड. दोन्ही टर्मिनलवर करा, मग अर्थिंगची वायर इंजिनला लागलीय तिथं, मग सेल्फच्या रिलेच्या दोन जाड बोल्टवर. रिलेवर बटण दाबलेलं असताना मोजायचं, न दाबता तिथं १२ येणारच.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा, कारण पॉझिटिव्ह आवळताना पान्याचं दुसरं टोक चेसिसला लागलं तर निगेटिव्ह जोडलेली असताना मोठा शॉर्ट होतो, हात भाजतो. लगा आणि टर्मिनल घासून चमकवा, घट्ट आवळा, वरनं व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. बॅटरीखालचं रबर आणि पट्टा आहे का तेपण बघा, पट्टा नसलेली बॅटरी डब्यात नाचत राहते आणि महिन्याभरात तेच बोल्ट परत ढिले होतात.